जेम्स प्रेस्कॉट जूल : मोटारीच्या तारेतील उष्णता मोजणारा संशोधक

भाईंदर पूर्वेच्या खारी गावातून रेल्वे स्टेशनाकडे निघालेल्या माणसाला आज विजेवर चालणारी दोन प्रकारची वाहने दिसतात. एक जुने, म्हणजे आपली लोकलगाडी. बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत ती १९३६ साली विजेवर धावू लागली. दुसरे अगदी नवे, बॅटरीवर चालणारी दुचाकी. तिला धूर नाही, आवाज नाही, आणि ती मागून येऊन शेजारून निघून जाते तेव्हा पादचारी दचकतो. एकीत शेकडो माणसे मावतात, दुसरीत दोन. पण दोहोंच्या पोटात मूळ वस्तू एकच आहे : लोखंडी गाभ्याच्या खाचांत भरलेली तांब्याची तार आणि त्या तारेवरचे विद्युतरोधक आवरण.

दुचाकीच्या मोटारीत हे आवरण वहीच्या कागदाहूनही पातळ असते. मोटार जळली असे आपण म्हणतो तेव्हा तांबे जळत नाही, लोखंडही जळत नाही. जळते ते हे आवरण. मोटार वायंडिंगचे काम करणारा कारागीर झाकण उघडण्यापूर्वीच नुसत्या वासावरून ते सांगतो. तार का तापते, किती तापते, आणि प्रवाह वाढला तर ती किती अधिक तापेल, या प्रश्नांची मोजून उत्तरे प्रथम ज्यांनी दिली ते जेम्स प्रेस्कॉट जूल. त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात एकक म्हणून येते. आपल्या वीजबिलातील एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल होय. परंतु हे गृहस्थ उष्णतेकडे वळले ते विजेची मोटार बनविण्याच्या नादातून, ही गोष्ट पुस्तकात सहसा येत नाही. ह्या लेखात ती थोडी विस्ताराने सांगावयाची आहे.

जूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहराला लागून असलेल्या सॅलफर्ड येथे झाला. वडील बेंजामिन जूल यांचा बिअर गाळण्याचा मोठा कारखाना होता. धंदा कोणता हा भाग आपण बाजूला ठेवू. मात्र त्या धंद्यात तापमापक अत्यंत काळजीने वाचावा लागतो आणि पाऊण अंशाची चूकसुद्धा महागात पडते, एवढे ध्यानात ठेवावे. पुढे ह्याच सवयीने त्यांना जगप्रसिद्ध केले. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती, पाठीच्या कण्याचा त्रास होता, स्वभाव बुजरा होता. म्हणून त्यांना शाळेत न घालता घरीच शिकविण्यात आले. विश्वविद्यालयाची पायरी ते विद्यार्थी म्हणून कधीच चढले नाहीत.

१८३४ साली वडिलांनी दोघा मोठ्या मुलांना, बेंजामिन आणि जेम्स यांना, जॉन डाल्टन यांच्याकडे शिकवणीस पाठविले. अणुसिद्धान्ताचे जनक म्हणून विख्यात झालेले डाल्टन त्या वेळी म्हातारपणातही मँचेस्टरमध्ये मुलांना अंकगणित शिकवून चरितार्थ चालवीत. जूल बंधूंना आता रसायनशास्त्राचे चमत्कार पाहावयास मिळतील अशी आशा होती; डाल्टनसाहेबांनी त्यांना अंकगणित आणि भूमितीत बराच काळ अडकवून ठेवले. रसायनाला नुकता हात लागतो तोच १८३७ साली गुरुजींना पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली. एवढेच काय ते जूल यांचे उच्च शिक्षण. परंतु मोजल्याशिवाय बोलावयाचे नाही, ही शिस्त ते तेथून घेऊन आले.

तो काळ विजेच्या वेडाचा होता. विल्यम स्टर्जन यांनी १८२५ साली लोखंडी नालाला रोगण लावून त्यावर उघडी तांब्याची तार गुंडाळली आणि विद्युतचुंबक तयार केला. तार उघडी असल्याने तिचे वेढे एकमेकांना लागू नयेत म्हणून दूरदूर ठेवावे लागत. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी तारेवरच रेशीम चढविले, त्यामुळे वेढ्याला वेढा चिकटवून अनेक थर गुंडाळता येऊ लागले आणि चुंबकाची ताकद कितीतरी पटींनी वाढली. फॅरेडे यांनी १८३१ साली ज्या लोखंडी कड्यावर आपला जगप्रसिद्ध प्रयोग केला, त्या कड्यावरील वेढ्यांमध्ये सुतळी आणि सुती कापड घातलेले होते. म्हणजे मोटारीच्या इतिहासात धातूइतकेच कापडाला, रेशमाला आणि रोगणालाही स्थान आहे. मोठ्या नावांच्या गर्दीत ह्या चिंध्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही, एवढेच.

मग ठिकठिकाणी मोटारी तयार होऊ लागल्या. रशियात याकोबी यांनी १८३८ साली नेवा नदीत विजेवर नाव चालविली. स्कॉटलंडच्या डेव्हिडसन यांनी १८४२ साली रुळांवर विजेचे इंजिन चालवून दाखविले. त्याचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच होता, पण ते चालले. विजेचे वाहन ही काल-परवाची कल्पना आहे असे समजणाऱ्यांनी ही वर्षे लक्षात घ्यावीत.

तरुण जूलही ह्या वेडात सापडले. वडिलांच्या कारखान्यात वाफेचे इंजिन होते. त्याच्या जागी बॅटरीवरची मोटार बसविता आली तर कोळसा नको, भट्टी नको, असा त्यांचा हिशेब होता. वयाच्या १९ व्या वर्षी, १८३८ च्या आरंभी, त्यांनी आपल्या मोटारीचे वर्णन स्टर्जन यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ह्या विजेच्या शक्तीला जवळजवळ सीमाच नाही, असा त्या वेळी त्यांचा समज झाला होता. चुंबक मोठा करा, वेढे वाढवा, बॅटरी वाढवा आणि शक्ती घेत राहा! आजही नव्या यंत्राच्या जाहिराती वाचताना असाच समज होतो, म्हणून ह्या १९ वर्षांच्या मुलाला हसण्याचे कारण नाही.

फरक इतकाच, की ह्या मुलाने मोजावयास घेतले. चुंबकाची ओढ वाढत वाढत एका मर्यादेला पोहोचते आणि मग लोखंड जणू तृप्त होते, हे त्यांच्या ध्यानी आले. मोटार फिरू लागली की ती स्वतःच बॅटरीच्या विरुद्ध दाब निर्माण करते आणि प्रवाह घटतो, हेही दिसले. शेवटी १८४१ साली मँचेस्टरमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी आपला हिशेब उघड केला. एक पौंड कोळसा जाळून कॉर्नवॉलमधील उत्तम वाफेचे इंजिन जेवढे काम करते, त्याच्या जेमतेम एकपंचमांश काम त्यांची मोटार बॅटरीतील एक पौंड जस्त खर्चून करीत होती. आणि जस्त कोळशाहून कितीतरी महाग! तीन-चार वर्षे उराशी बाळगलेली कल्पना त्यांनी स्वतःच, आपल्याच आकड्यांनी, लोकांसमोर मोडीत काढली. आपली मोटार फायद्याची नाही हे जाहीर सांगणारा मोटारीचा कर्ता विरळाच. विजेच्या मोटारीला चांगले दिवस येण्यास डायनॅमोची स्वस्त वीज यावी लागली, आणि रस्त्यावरच्या मोटारीला चांगल्या बॅटरीची वाट त्याहून पुष्कळ अधिक पाहावी लागली.

परंतु ह्या खटपटीत त्यांच्या मनाला एक प्रश्न चिकटला होता. बॅटरीतून निघालेल्या शक्तीपैकी काही चाकाकडे जाते, पण काही वाटेतच तार तापविण्यात जाते. ती किती? त्यांनी तारेची वेटोळी पाण्याच्या भांड्यात बुडविली, पाण्यात तापमापक ठेवला, आणि तारेतून प्रवाह सोडला. प्रवाह मोजावयास त्या काळी ॲम्पिअर नव्हते. तेव्हा त्यांनी आपलेच माप ठरविले. तासाभरात ९ ग्रेन पाण्याचे विघटन करील तो त्यांच्या मापाने एक प्रवाह. मग प्रवाह बदलून, तार बदलून, पुन्हा पुन्हा पाहिले. डिसेंबर १८४० मध्ये निष्कर्ष तयार झाला : तारेत निर्माण होणारी उष्णता तारेच्या रोधाच्या पटीत, आणि प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. लंडनच्या रॉयल सोसायटीकडे हा निबंध गेला. तेथे त्याचा केवळ सारांश छापला गेला. संपूर्ण निबंध पुढील वर्षी दुसऱ्या मासिकात प्रसिद्ध झाला. बावीस वर्षांच्या, पदवी नसलेल्या, कारखानदाराच्या मुलाला ह्याहून अधिक मान मिळाला नाही. रशियात लेन्झ यांनी स्वतंत्रपणे तोच नियम काढला, म्हणून काही देशांत तो जूल-लेन्झ नियम म्हणून ओळखला जातो.

ह्या नियमातील वर्ग हा शब्द ज्याला कळला त्याला मोटार कळली असे मी म्हणेन. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. खारीहून मीरा रोडपर्यंत सपाट रस्त्याने एकटा स्वार घेऊन जाणारी बॅटरीची दुचाकी आणि घोडबंदर रस्त्याने गायमुखाचा चढ दोघांना घेऊन चढणारी तीच दुचाकी, ह्यांच्या मोटारीतील उष्णतेत केवढा फरक पडत असेल ह्याचा ह्यावरून अंदाज करावा. त्यातही चढावर गाडी अडली आणि स्वाराने मूठ पिळून धरली तर ते सर्वांत वाईट. चाक फिरत नाही म्हणजे मोटारीचा विरुद्ध दाब नाही. कंट्रोलर देऊ करील तेवढा प्रवाह तारेत घुसतो आणि त्यातील सगळी शक्ती उष्णता होऊन तेथेच साठते.

दुसरी एक गोष्ट तारेच्या स्वभावातच आहे. तांबे तापले की त्याचा रोध वाढतो, दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३९ टक्का. २० अंशांवरची तार १५० अंशांवर गेली तर तिचा रोध दीडपट होतो, म्हणजे तेवढ्याच प्रवाहाला उष्णता दीडपट. तापलेली तार स्वतःला आणखी तापविते. बाहेर जाणारी उष्णता आत निर्माण होणाऱ्या उष्णतेला गाठू शकली तर ठीक. नाही तर पारा चढतच राहतो. ज्या दुचाकींची मोटार चाकाच्या तुंब्यातच बसविलेली असते, त्यांत तारेची वेटोळी मधल्या स्थिर आसावर असतात आणि बाहेरचे कवच फिरते. वेटोळी आणि कवच यांच्यामध्ये हवेची फट. हवा उष्णतेची वाईट वाहक, म्हणून अशा मोटारीतील उष्णतेला बाहेर पडावयास वाट अरुंद असते. मोठ्या मोटारगाड्यांत याच कारणासाठी वेटोळ्यांभोवती पाणी किंवा तेल खेळवितात.

तार तापली तर बिघडते काय? तांबे एक हजारांहून अधिक अंशांवर वितळते. त्याला दीडशे अंशांचे काही नाही. प्रश्न आवरणाचा आहे. साधे सूत, रेशीम, कागद यांना सुमारे ९० अंशांची मर्यादा मानतात. तेल किंवा रोगण पाजलेले सूत १०५ अंश सोसते. पुढे कृत्रिम राळा आल्या आणि आवरणांचे वर्ग पडले : बी वर्ग १३० अंश, एफ वर्ग १५५ अंश, एच वर्ग १८० अंश. मोटारीच्या पाटीवर हे अक्षर कोरलेले असते. विकत घेताना आपण अश्वशक्ती पाहतो आणि ते अक्षर पाहावयाचे राहून जाते.

हे अंश म्हणजे लक्ष्मणरेषा आहे, अलीकडे सुखरूप आणि पलीकडे राख, असेही नाही. आवरण मरते ते हळूहळू, उष्णतेने त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत तुटत. ते ठिसूळ होते, बारीक तडे जातात, आणि एके दिवशी शेजारचे दोन वेढे एकमेकांना भिडतात. त्या बंद वेढ्यात प्रचंड प्रवाह फिरतो आणि मग जळण्यास क्षणांचा अवकाश. मोटार आज चढावर जळली, पण तिचे आयुष्य खाल्ले गेले ते आधीच्या शंभर चढांवर. तापमानाबरोबर रासायनिक क्रियेचा वेग कसा वाढतो ह्याचे समीकरण स्वीडनच्या आऱ्हेनियस यांनी १८८९ साली मांडले. ते आवरणांच्या आयुष्याला रीतसर लावण्यास १९४८ साल उजाडले. ते काम डाकिन यांचे. त्यापूर्वीच, १९३० साली, माँटसिंगर ह्या अभियंत्याने ढोबळ नियम दिला होता, की आठ-दहा अंश तापमान वाढले की आवरणाचे आयुष्य निम्मे होते. समजा, एखादे आवरण १५५ अंशांवर २०,००० तास टिकावयाचे आहे. दहा अंशांचा नियम धरला तर १६५ अंशांवर ते १०,००० तास टिकेल आणि १७५ वर ५,०००. उलट दहा अंश थंड ठेवले तर ४०,००० तास. जूल यांचा वर्गाचा नियम आणि हा निमपटीचा नियम एकत्र ठेवून पाहा; थोडासा अधिक भार सतत टाकल्याने मोटार इतक्या लवकर का जाते, ह्याचे कोडे उलगडते.

उष्णतेला साथीदारही मिळतात. आपला भाग खाडीकाठचा, मिठागरांचा. दिवसभर तापलेली मोटार रात्री निवते तेव्हा आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट, खारट हवा झाकणाच्या फटीतून आत ओढली जाते. तारेवर दव धरते. उष्णतेने आवरणाला तडा पडलेला असेल तर मिठाचे ते ओले पटल विजेला आयती वाट करून देते. गाडीचे हादरे तार खाचेतून बाहेर वळते त्या जागी घासतात. तशात कंट्रोलर हा बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मोटारीस देतो. विजेचा तो प्रत्येक धक्का पहिल्या काही वेढ्यांवर सर्वांत जोराने बसतो. चारशे-आठशे व्होल्टच्या मोटारगाड्यांत ह्या धक्क्यांनी आवरणातील हवेच्या पोकळ्यांत सूक्ष्म ठिणग्या पडून ते पोखरले जाते. अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर व्होल्टच्या दुचाकीत ही भीती कमी. तेथे खरा वैरी उष्णताच. म्हणूनच चांगल्या मोटारीच्या वेटोळ्यांत तापमान सांगणारा एक मण्याएवढा घटक पुरून ठेवतात आणि पारा चढला की कंट्रोलर आपण होऊन प्रवाह कमी करतो. चढावर गाडी मंदावली म्हणून स्वार चिडतो. त्या वेळी ती आपले आवरण वाचवीत असते.

येथे एक घरचा अनुभव सांगतो. आमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाची मोटार जळली. ती एका ठिकाणी नव्याने भरून घेतली आणि काही महिन्यांत पुन्हा जळली. उघडून पाहिले तेव्हा मूळच्यापेक्षा एक दशांशाने बारीक तार भरलेली आढळली. वरवर पाहता क्षुल्लक फरक. पण व्यास एक दशांश कमी म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ १९ टक्के कमी. रोध आणि म्हणून उष्णता सुमारे २३ टक्के अधिक. जूल यांचा नियम पंपाच्या खोलीतही सुट्टी घेत नाही. रिवायंडिंग करणाऱ्यांपैकी जे जाणते आहेत ते जुनी तार काढून तिचा गेज मोजतात, वेढे मोजून वहीत लिहितात, खाचेत योग्य कागद घालतात, आणि वॉर्निश पाजून मोटार नीट भाजतात. कारण वॉर्निश केवळ ओलावा अडवीत नाही, तारांमधील हवा हुसकून उष्णतेला बाहेरची वाटही करून देते. जुनी तार सुटावी म्हणून लोखंडी गाभ्यावर ज्योत मारू नये हेही ते जाणतात. गाभ्याच्या पत्र्यांमध्येही पातळ आवरण असते. ते जळाले की लोखंडच तापू लागते.

आता पुन्हा जूल यांच्याकडे वळू. १८४३ साली त्यांनी केलेला प्रयोग माझ्या मते त्यांच्या सर्व प्रयोगांत सुंदर आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र पुढचा पाणी घुसळण्याचाच येतो. त्यांनी लहानसा विद्युतचुंबक पाण्याने भरलेल्या काचेच्या नळीत बंद केला आणि ती नळी मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये गरगर फिरविली. पाव तास फिरवावयाची, मग पाण्याचा पारा पाहावयाचा. एका अर्थी त्यांनी मोटारीचे वायंडिंगच काढून पाण्यात ठेवले व ते चालू असताना किती तापते हे मोजले. बाहेरून जोर लावून चुंबक फिरविला तर वेटोळ्यात उष्णता नव्याने उत्पन्न होई. बॅटरी जोडून त्याला मोटारीप्रमाणे काम करू दिले तर तेवढी उष्णता कमी पडे. म्हणजे उष्णता हा कोठून तरी वाहत आलेला पदार्थ नव्हे; काम खर्च होते तेव्हा उष्णता मिळते, आणि काम मिळते तेव्हा उष्णता खर्च होते. किती कामाला किती उष्णता, हा विनिमयाचा दर मग त्यांनी दोरीला वजने टांगून काढला. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यास ८३८ पौंड वजन एक फूट उचलण्याएवढे काम लागते, असा आकडा आला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी हा निबंध वाचला. कोणी विरोधही केला नाही. ऐकून लोक गप्प राहिले. अंशाच्या बारीक बारीक अपूर्णांकांवर हा मनुष्य सृष्टीचा नियम उभारू पाहतो, हे त्यांना पटेना. जूल यांचे म्हणणे असे, की माझा तापमापक अंशाचा दोनशेवा भाग दाखवितो. मँचेस्टरचे कुशल कारागीर जॉन डान्सर यांनी त्यांच्यासाठी तसे तापमापक तयार केले होते. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत अशा कारागिरांची नावे एखाद्या ओळीत उरकली जातात; येथेही जागेअभावी तेच होत आहे.

पुढची चार वर्षे त्यांनी तोच आकडा निरनिराळ्या मार्गांनी गाठला. अरुंद नळ्यांतून पाणी दाबून, हवा कोंबून, आणि १८४५ पासून वजनांच्या जोरावर फिरणाऱ्या पात्यांनी पाणी घुसळून. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांना मोकळीक दिली होती आणि मँचेस्टरच्या घरी प्रयोगशाळाही बांधून दिली होती, हे भाग्य सर्वांना लाभत नाही. एप्रिल १८४७ मध्ये त्यांनी आपला सिद्धान्त गावातील एका चर्चच्या वाचनालयात व्याख्यान देऊन मांडला आणि तो वर्तमानपत्रात छापून आला. जूनमध्ये ऑक्सफर्डच्या सभेत अध्यक्षांनी त्यांना थोडक्यात आटोपण्याची सूचना केली. निबंध याही वेळी विसरला गेला असता. परंतु श्रोत्यांत विल्यम थॉमसन नावाचा तरुण प्राध्यापक बसला होता, तोच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून गाजला. प्रथम त्याला जूल चुकत आहेत असे वाटले, मग ऐकता ऐकता काही तरी मोठे हाती लागत आहे अशी जाणीव झाली. त्यातून दोघांची मैत्री जमली. १८५२ पासून दोघांनी मिळून फटीतून पसरणाऱ्या वायूच्या तापमानाचे प्रयोग केले. वायू थंड करून द्रवरूप करण्याच्या कारखानदारीत त्याचा पुढे फार उपयोग झाला.

ह्याच सुमारास जर्मनीचे वैद्य मायर यांनी १८४२ सालीच हा विचार प्रसिद्ध केला होता, असा वाद उठला व तो बरेच दिवस चालला. विचार मायर यांनी आधी छापला हे खरे. परंतु वर्षानुवर्षे हाताने प्रयोग करून आकडा पक्का करण्याचे श्रेय जूल यांचे, असे मानणे न्यायाचे होईल.

१८४९ साली फॅरेडे यांच्यामार्फत त्यांचा मोठा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला. पात्यांनी पाणी घुसळून काढलेला सुधारित आकडा त्यात होता : ७७२. ज्या सोसायटीने दहा वर्षांपूर्वी केवळ सारांश छापला, तिने १८५० मध्ये त्यांना सदस्य करून घेतले, १८५२ मध्ये रॉयल पदक आणि १८७० मध्ये कॉप्ली पदक दिले.

घरच्या सुखाचा काळ मात्र अल्प ठरला. १८४७ साली त्यांचा विवाह अमेलिया ग्राइम्स यांच्याशी झाला. आल्प्स पर्वतात सहल करीत असताना उंचावरून पडणारे पाणी खाली थोडे गरम होते का हे पाहण्याचा बेतही त्यांनी केला होता. पाण्याचे तुषारच इतके उडत, की मोजमाप साधेना. १८५४ साली पत्नीचे निधन झाले. त्याच वर्षी जन्मलेले तिसरे अपत्य काही दिवसांतच गेले होते. एक मुलगा आणि एक मुलगी घेऊन ते मागे राहिले. त्याच वर्षी कारखानाही विकला गेला. ह्यानंतर ते बहुतांशी एकांतात राहिले, प्रकृतीही साथ देईना. काम सुटले नाही, मात्र पूर्वीचा वेग राहिला नाही.

उत्तरायुष्यातील एक काम आपल्या विषयाला जवळचे आहे. ब्रिटिश असोसिएशनने विजेच्या रोधाचे प्रमाणभूत एकक ठरविले होते. १८६७ च्या सुमारास जूल यांनी तारेत निर्माण होणारी उष्णता मोजून उष्णतेचा दर पुन्हा काढला तेव्हा तो घुसळण्याच्या प्रयोगाशी जुळेना, सुमारे दीड टक्का अधिक येऊ लागला. दोष त्यांच्या तापमापकात नव्हता. रोधाचे ते प्रमाणभूत एककच थोडे चुकलेले होते. सत्तावीस वर्षांपूर्वी मोटारीच्या नादात काढलेला नियम इतका भरवशाचा ठरला, की त्याच्या साहाय्याने प्रमाणातील चूकही पकडता आली.

वडिलोपार्जित संपत्ती प्रयोगांत आणि गुंतवणुकींत घटत गेली. १८७८ साली सरकारने त्यांना वर्षाला २०० पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर केले. त्याच वर्षी, साठीला टेकलेले असताना, त्यांनी पाणी घुसळण्याचा प्रयोग नव्या यंत्रावर पुन्हा केला, आणि ७७२ ला दोन दशांश स्थळे जोडली : ७७२.५५. आजच्या मापाने हा आकडा सुमारे ७७८ आहे. घरगुती प्रयोगशाळेतल्या मोजणीत शेकड्याला एकाहूनही कमी चूक राहिली.

१८८९ च्या उन्हाळ्यात पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककास जूल हे नाव स्वीकारले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, ११ ऑक्टोबर १८८९ रोजी, मँचेस्टरजवळच्या सेल ह्या गावी जूल वारले. त्यांची कबर तेथील ब्रूकलँड्स दफनभूमीत आहे. शिळेच्या माथ्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे.